तिसरा हिस्सा कोणाच्या गव्हाणीत?

मका गाड्यांच्या टाकीत का घालता, असा आक्षेप घेतला की इथेनॉलवाल्यांचं उत्तर तयार असतं. दाण्यातला फक्त स्टार्च आम्ही घेतो. प्रथिनं, तेल, तंतू, खनिजं सगळं मागे राहतं आणि ते गुरांच्या गव्हाणीत जातं. तीन पोती मका आत गेला तर एक पोतं खाद्य बाहेर येतं. मग अन्न वाया गेलं कुठे?

हे उत्तर खोटं नाही, त्यामुळे ते हातासरशी झटकून टाकणाऱ्यांशीही माझं पटत नाही. अमेरिकेत २५ किलोच्या आसपास मक्यातून ११ लिटर इथेनॉल निघतं आणि साडेसात-आठ किलो कोरडा चोथा उरतो. उरलेलं कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातं. पण हे उत्तर एका विशिष्ट जनावराच्या भरवशावर उभं आहे. ते जनावर म्हणजे नेब्रास्का, आयोवा, कॅन्ससमधल्या फीडलॉटवर, म्हणजे हजारो गुरं एकत्र ठेवून दाण्यावर वाढवण्याच्या आवारात, मांसासाठी पोसला जाणारा, चार कप्प्यांच्या पोटाचा गोऱ्हा. तो जिथे आहे तिथे हिशेब बराचसा जुळतो. आपण भारतात हिशेब तेवढा उचलला. जनावर आपलं वेगळं आहे, अंतरं वेगळी आहेत आणि आपल्या बाजारात हा चोथा ज्या वस्तूच्या जागी जाऊन बसतो ती वस्तूही वेगळी आहे. या फरकाची किंमत आज लातूरचा सोयाबीनवाला आणि संगमनेरचा दूधवाला भरतो आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी नेब्रास्का. या राज्यात माणसं वीस लाख आणि गुरं साठ लाखांच्या वर. आयोवाच्या खालोखाल सर्वांत जास्त इथेनॉल इथे होतं. मका शेतातून निघतो, जवळच्या कारखान्यात जातो, तिथे दळला जातो, पाण्यात शिजतो, एन्झाइम घालून त्यातल्या स्टार्चची साखर होते, यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल करतं. अल्कोहोल उडवून घेतलं की तळाशी रबडीसारखं दाट पाणी उरतं. ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की लगदा वेगळा होतो. निथळलेलं पाणी आटवून काकवीसारखं दाट करतात आणि पुन्हा त्या लगद्यात मिसळतात. हा झाला ओला चोथा. यात साठ-सत्तर टक्के पाणी असतं आणि उन्हाळ्यात तो चार-पाच दिवसांत आंबून बुरशी धरतो. म्हणून तो दूर जाऊ शकत नाही. पण नेब्रास्कात त्याला दूर जावंच लागत नाही, कारण ट्रक तासा-दीड तासात फीडलॉटवर पोचतो.

लिंकनमधल्या नेब्रास्का विद्यापीठात टेरी क्लोफेन्स्टाइन, गॅलन एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं चाऱ्याच्या चाचण्या घेतल्या. खुराकातला काही मका काढून त्याजागी ओला चोथा दिला, तर गोऱ्ह्याचं वजन मक्यावर वाढतं त्यापेक्षा चांगलं वाढतं, असं त्यांना दिसलं. खुराकाच्या वीस ते चाळीस टक्के प्रमाणात ओल्या चोथ्याचं खाद्यमूल्य मक्याच्या तीस ते चाळीस टक्के वर भरलं. उरलेला माल मूळ मालापेक्षा सरस ठरावा, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण ज्याने गुरं पाळली आहेत त्याला कारण लगेच कळेल. गुराचं पोट वैरणीसाठी घडलेलं आहे. फीडलॉटवर त्याला दाणाच दाणा चारतात, त्यामुळे स्टार्च भरभर आंबून पोटात आम्ल साचतं, जनावर खाणं सोडतं, खुरं दुखावतात. चोथ्यात स्टार्च जवळपास नसतोच. ऊर्जा मिळते ती तंतूंतून, तेलातून आणि प्रथिनांतून. त्यामुळे पोट शांत राहतं. वाळवलेल्या चोथ्यात हा फायदा घटतो, आणि वाळवायला कारखान्याच्या एकूण गॅसपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गॅस लागतो. गोऱ्हा शेजारी असेल तर तो गॅसही वाचतो.

म्हणजे तिथे चोथा खरोखर मक्याच्या जागी बसतो. कारखान्याने जेवढा मका घेतला त्यातला काही भाग गोऱ्ह्याच्या पोटाची मक्याची गरज कमी करून परत आला, असं तिथे प्रामाणिकपणे म्हणता येतं. ‘तिसरा हिस्सा परत येतो’ या वाक्याचा जन्म या भूगोलात झाला.

तिथेही सगळं सुरळीत आहे असं नाही. पीएच सांभाळायला आणि यंत्रं धुवायला गंधकाम्ल वापरतात, त्यामुळे चोथ्यात गंधक वाढतं. दाण्यावर पोसलेल्या गोऱ्ह्याच्या एकूण खुराकात गंधक ०.३ टक्क्यांच्या वर जाऊ नये असा संकेत आहे. ते वाढलं की पोटात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि मेंदूवर परिणाम होतो. जनावर आंधळ्यासारखं भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, मग आडवं पडतं. शिवाय स्टार्च निघून गेल्यावर दाण्यातलं बाकी सगळं तिप्पट दाट होतं. प्रथिनं तिप्पट होतात, तसं फॉस्फरस तिप्पट होतं आणि बुरशीचं विषही तिप्पट होतं. फॉस्फरस शेणातून शेतात आणि शेतातून नदीत जातं. अल्कोहोल काढणाऱ्या माणसाला हे तिप्पट होणं दिसत नाही. ते चारणाऱ्याला भोगावं लागतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. साधारण वीस वर्षांपूर्वी चोथ्यात दहा टक्क्यांच्या वर तेल असायचं. मग कारखान्यांच्या लक्षात आलं की हे तेल वेगळं काढून बायोडिझेलसाठी विकता येतं. आता अनेक ठिकाणी चोथ्यात सहा ते आठ टक्केच तेल उरतं. पोत्यावरचं नाव मात्र तेच राहिलं. गुरं पाळणाऱ्याला हा फरक जनावराच्या वजनातून कळला, किंवा विद्यापीठाने सांगितला तेव्हा कळला.

आता मीड. ओमाहा आणि लिंकन या दोन शहरांच्या मधलं हे सहाशेच्या आसपास वस्तीचं गाव. २००७ साली इथे एक प्रकल्प सुरू झाला आणि त्याचं मोठं कौतुक झालं, ते योग्यही होतं. सुमारे २८,००० गुरांचा फीडलॉट आणि त्याला लागूनच इथेनॉलचा कारखाना. कारखान्याचा ओला चोथा गुरांना, गुरांचं शेण बायोगॅसच्या टाकीत, टाकीतला गॅस कारखान्याच्या बॉयलरला. बाहेरचा गॅस नको, वाळवण नको, वाहतूक नको. आपल्याकडे शेण-गोठा-शेत यांचं जे चक्र आजोबांनी चालवलं, तेच इथे यंत्रांनी बांधलं होतं. मला आजही ती कल्पना मनापासून आवडते. पण सुरुवातीलाच बॉयलरमध्ये बिघाड झाला, पैसा अडकला आणि वर्ष संपायच्या आत कंपनी दिवाळखोरीत गेली.

पुढे त्याच जागेवर, त्याच यंत्रांत, अल्टेन नावाच्या कंपनीने इथेनॉल करायला सुरुवात केली. यांनी कच्चा माल स्वस्तात मिळवला. बियाणं कंपन्यांचं न खपलेलं, मुदत संपलेलं मक्याचं बियाणं. हे बियाणं कीडनाशकं-बुरशीनाशकं लावलेलं असतं. त्यात निओनिकोटिनॉइड गटातली, मधमाश्यांना घातक अशी रसायनं होती. बियाणं कंपन्यांना ते कुठेतरी घालवायचं होतं, कारखान्याला फुकटात दाणा मिळत होता. इथेनॉल ठीकठाक निघालं, कारण विष अल्कोहोलबरोबर उडत नाही. ते मागे चोथ्यात आणि सांडपाण्यात राहिलं. तो चोथा जनावरांना घालता येईना. मग त्याचे ढीग साचले, हिरवट, उग्र वासाचे, हजारो टन. काही शेतात जमीनसुधारक म्हणून पसरला गेला, तो राज्याच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये थांबवला. जवळच विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या मधमाश्यांच्या पेट्या एकामागून एक मेल्या. गावातले लोक वासाच्या, डोळे चुरचुरण्याच्या तक्रारी करत राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याने कारखाना बंद करायला लावला. त्याच महिन्यात थंडीने पाइप फुटून लाखो लिटर घाण पाणी ओढ्यांतून खाली वाहत गेलं. त्यानंतर कुठे राज्याने कायदा करून असं बियाणं इथेनॉलसाठी वापरणं रोखलं.

मीडची ही गोष्ट मी सविस्तर सांगितली, कारण त्या एका आवारात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. पहिल्या प्रकल्पात चोथा हे गुराचं जेवण होतं, म्हणून काय आत येतं यावर लक्ष ठेवावंच लागत होतं. दुसऱ्यात चोथा ही घालवायची वस्तू झाली, तेव्हा आत काहीही चालू लागलं. इथेनॉलच्या कारखान्याला खराब दाणा चालतो. चोथ्याला चालत नाही. हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक धान्याधारित इथेनॉल प्रकल्पाच्या दाराशी लिहून ठेवायला हवं, कारण आपलं धोरणच खराब धान्याला या दाराशी बोलावतं.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात, माणसाच्या खाण्याला योग्य न उरलेलं धान्य, तुकडा तांदूळ, किडका गहू वगैरे इथेनॉलसाठी वापरायला परवानगी दिली. वरवर यात गैर काही नाही. गोदामात सडण्यापेक्षा बरं, असं कुणालाही वाटेल. पण धान्य ‘अयोग्य’ होतं ते बहुतेक वेळा ओल लागून, बुरशी धरून. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन ऊर्ध्वपातनात नष्ट होत नाही आणि इथेनॉलबरोबर जातही नाही. माणसाच्या ताटातून जे काढलं ते तिप्पट दाट होऊन गाईच्या घमेल्यात आलं आणि तिथून दुधाच्या कॅनमधून परत माणसाकडे निघालं.

आपल्याकडचा वेग पाहा. २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्का होतं, २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर पोचलं. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेची चणचण दिसताच केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ५ रुपये ७९ पैसे वाढवून दर ७१ रुपये ८६ पैसे झाला. त्या वर्षीपासून मका हा इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल बनला. आजवर मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणू लागला. मक्याला चांगला भाव मिळाला, हमीभावाच्या वर मिळाला. मका उत्पादकाच्या हातात चार पैसे आले, याचा मला आनंदच आहे आणि ते पैसे काढून घ्या असं मी म्हणणार नाही.

पण याच वेळी डीडीजीएस, म्हणजे वाळवलेला चोथा, लाखो टनांनी बाजारात आला. त्याला खायला नेब्रास्काचा गोऱ्हा इथे नव्हता. महाराष्ट्रात मांसासाठी गोवंश पोसला जात नाही. २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. इथे हा चोथा गेला कोंबडीकडे आणि दुभत्या गाई-म्हशींकडे. हिशेब बिघडतो तो इथे.

कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो, ऊर्जेसाठी. तिला स्टार्चच हवा. चार कप्प्यांचं पोट तिला नाही, त्यामुळे चोथ्यातला तंतू तिच्या फारसा कामाचा नाही. खाद्यात पाच-दहा टक्क्यांच्या पुढे चोथा गेला की अडचणी सुरू होतात. वाळवताना जास्त तापला तर लायसिनसारखं तिच्या वाढीला लागणारं अमिनो आम्ल करपून जातं. म्हणून जाणता पोल्ट्रीवाला सोनेरी माल घेतो, काळपट माल परत पाठवतो. थोडक्यात, कारखान्याने मक्यातलं जे काढून घेतलं तेच कोंबडीला हवं होतं. परत आलं ते प्रथिन. आणि प्रथिन कोंबडीला आजवर कुठून मिळत होतं? सोयाबीनच्या पेंडीतून.

म्हणून अमेरिकेच्या फीडलॉटवर चोथा मक्याच्या जागी बसला आणि आपल्याकडे सोयाबीनच्या जागी. पोल्ट्रीवाल्याला मका महाग पडला, तेव्हा त्याने खर्च सावरायला पेंड कमी करून स्वस्त चोथा घातला. तो चुकला असं मी म्हणत नाही, त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. पण पेंडीची मागणी घटली की सोयाबीनचा भाव खाली येतो, कारण सोयाबीनच्या दाण्यात तेल अठरा-वीस टक्केच, बाकी सगळी पेंडच. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या दिवाळीच्या आसपास मराठवाडा-विदर्भाच्या बाजार समित्यांत शेतकऱ्याच्या पट्टीवर चार हजारांच्या आसपास आकडे होते. विधानसभेच्या निवडणुकीत सोयाबीनचा भाव गाजला तो याच वर्षी. या पडझडीला चोथा एकटा जबाबदार नाही: जगात सोयाबीनचं पीक भरघोस होतं, स्वस्त खाद्यतेल येत होतं, आपली पेंड बाहेरच्या बाजारात महाग पडत होती. पण देशातल्या देशात पेंडीचं गिऱ्हाईक ज्या वस्तूने तोडलं ती वस्तू सरकारी धोरणातून जन्मली होती, आणि तिच्या परिणामाचा अंदाज धोरण आखताना कुणी शेतकऱ्यापुढे मांडला नाही.

ज्या पट्ट्यात सोयाबीन आहे त्याच पट्ट्यात मका घ्या, असं सांगणारे आहेत. काहींनी घेतलाही, २०२५ च्या खरिपात सोयाबीनचं क्षेत्र घटलं आणि मक्याचं वाढलं. पण सोयाबीन शेंगवर्गीय आहे, ते मुळांवरच्या गाठींतून नत्र धरून ठेवतं, त्यावर हरभरा चांगला साधतो. मका युरिया मागतो आणि पाणीही मागतो. औसा-निलंग्याच्या कोरडवाहू माणसाला हा बदल कागदावर दिसतो तितका सोपा नाही.

आता दुभतं जनावर. गाईचं पोटही चार कप्प्यांचंच आहे, तेव्हा तिला हा चोथा मानवतो, यात शंका नाही. आमच्या गोठ्यातही तो येऊन गेला आहे. सरकी पेंडीचे भाव चढले तेव्हा दोन गाईंना आंबोणात थोडा थोडा मिसळून दिला, दूध टिकलं. पण पोतं आणायला गेलो तेव्हा दुकानदाराला विचारलं, हा मक्याचा की तांदळाचा? त्याला सांगता येईना. हे विचारणं चोंबडेपणा नव्हता. मक्याच्या चोथ्यात प्रथिन तीस टक्क्यांच्या आसपास असतं, तांदळाच्या चोथ्यात पंचेचाळीसच्या आसपास. दोन्हींचा खुराक एकच ठेवला तर एक गाय उपाशी राहील आणि दुसरीला प्रथिन जास्त होईल. पोत्यावर मोठ्या अक्षरांत डीडीजीएस एवढंच होतं. ओलावा किती, तेल किती, गंधक किती, अफ्लाटॉक्सिन तपासलं का, यातलं काहीच नव्हतं.

गोऱ्हा आणि दुभती गाय यांच्यातला फरक अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मर्यादांत उघड दिसतो. मांसासाठी पोसण्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या गोऱ्ह्याला चारायच्या मक्यात अफ्लाटॉक्सिन ३०० पीपीबीपर्यंत, म्हणजे किलोमागे ३०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. दुभत्या गाईच्या खाद्यात फक्त २० पीपीबी. पंधरा पट फरक. कारण साधं आहे: गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनच्या बी-१ या प्रकाराचा काही भाग एम-१ या प्रकारात बदलून दुधात उतरतो, आणि ते दूध त्याच दिवशी मुलाच्या पेल्यात जातं.

आकडे मांडून पाहू. खरिपाचा मका ऐन काढणीत पावसात सापडला आणि त्यात ५० पीपीबी विष धरलं, असं समजा. चोथ्यात ते तिप्पट, म्हणजे १५० पीपीबी. गाईला रोज दोन किलो चोथा दिला की तिच्या पोटात ३०० मायक्रोग्रॅम गेले. त्यातले दोन टक्के दुधात उतरले तर सहा मायक्रोग्रॅम. गाय बारा लिटर देत असेल तर लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. भारतात दुधातल्या एम-१ ची मर्यादा नेमकी तेवढीच आहे, आणि युरोपात ती याच्या दहाव्या हिश्श्याइतकी आहे. अजून शेंगदाणा पेंड, सरकी, भिजलेला कडबा यांतून येणारं विष मी धरलेलंच नाही.

ही भीती चोथ्याच्या आधीपासून खरी होती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. दुधात युरिया-डिटर्जंट घालतात ही ओरड आपण नेहमी ऐकतो. पण त्या तपासणीत भेसळीपेक्षा मोठा प्रश्न निघाला तो अफ्लाटॉक्सिन एम-१ चा. ३६८ नमुने, म्हणजे ५.७ टक्के, मर्यादेच्या वर होते. विष चाऱ्यातून येतं हे प्राधिकरणानेच सांगितलं. ही स्थिती मक्याच्या इथेनॉलची लाट यायच्या सहा वर्षं आधीची. त्यानंतर आपण गव्हाणीत तिप्पट दाट होऊन येणारी एक नवी वस्तू घातली.

दारूच्या भट्टीचा चोथा दुभत्या गाईंना चारण्याने काय होऊ शकतं, हे न्यूयॉर्कने एकोणिसाव्या शतकात पाहिलं होतं. मॅनहॅटन-ब्रुकलिनच्या व्हिस्कीच्या भट्ट्यांना लागून गोठे होते. गरम, पातळ चोथा नाल्याने थेट गव्हाणीत यायचा. गाई अंधारात बांधलेल्या, दुसरा चारा नाही, शेपट्या सडून गळलेल्या. निळसर पातळ दूध निघायचं, ते पांढरं दिसावं म्हणून त्यात काहीबाही मिसळून गरीब वस्त्यांत विकलं जायचं आणि लहान मुलं मरायची. फ्रँक लेस्ली या पत्रकाराने १८५८ मध्ये आपल्या सचित्र साप्ताहिकातून ते गोठे लोकांसमोर आणले, तेव्हा खळबळ माजली. १८६२ मध्ये राज्याने कायदा केला. आजचा चोथा त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे आणि आजच्या गोठ्याची त्या गोठ्यांशी तुलना करणं अन्यायाचं होईल. पण तिथे गाय ही भट्टीची गटार समजली गेली होती, आणि भट्टीवाल्याचा चोथा फुकटात वाटेला लागत असल्याने कुणाला ते खटकत नव्हतं. ते खटकायला दूध पिणारी मुलं मरावी लागली.

आता एक नवी गोष्ट यात आली आहे. फेब्रुवारी २०२६ च्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात ज्या शेतमालावरचं आयातशुल्क कमी किंवा रद्द करायचं ठरलं, त्यात हा वाळवलेला चोथाही आहे. नेब्रास्काच्या गोऱ्ह्याने खाऊन उरलेला माल आता आपल्या कोंबडीपुढे येऊ पाहतो. यावरची आपली सगळी चर्चा जनुकीय बदल केलेल्या मक्याभोवती फिरते. तो मुद्दा आपल्या जागी आहे, पण त्याच्या गोंधळात भावाचा मुद्दा मागे पडतो. देशातला चोथाच पेंडीला जड झालेला असताना बाहेरचा चोथा स्वस्तात आणायचा, आणि वर सोयाबीनला हमीभाव जाहीर करायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं तेव्हा पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून १२ लाख टन पेंड आयातीला परवानगी मिळाली होती आणि भाव हंगामाच्या तोंडावर कोसळले होते. शेतकरी ते विसरलेला नाही.

इथेनॉल बंद करा असं मी म्हणत नाही. कारखाने उभे आहेत, कर्जं काढली गेली आहेत, मका लावला गेला आहे. पण काही गोष्टी आजपासून बदलता येतात. चोथ्याला कागदोपत्री उपउत्पादन म्हणणं थांबवून पशुखाद्य म्हणावं, म्हणजे जबाबदारी पोतं भरताना नाही तर धान्य काट्यावर येतं तेव्हा सुरू होईल. धान्याच्या ट्रकचा नमुना विष ओळखणाऱ्या चाचणीपट्टीवर तपासायला काही मिनिटं लागतात. जास्त विष असलेला माल वेगळा काढून त्याचा चोथा बॉयलरमध्ये जाळावा, दुभत्या जनावरापर्यंत येऊ देऊ नये. कारखान्यांना हे महाग पडेल, असं म्हटलं जाईल. लिटरला एकाहत्तर रुपये देणाऱ्या व्यवस्थेत नमुना तपासायचा खर्च बसत नसेल, तर तो खर्च आपण गाईच्या यकृतावर आणि पोराच्या दुधावर टाकतो आहोत, हे तरी मान्य करावं.

आणि जिथे प्रकल्प दूधपट्ट्यात आहे तिथे ओला चोथा थेट द्यावा. मीडचा पहिला प्रकल्प जे करू पाहत होता त्यातला हा भाग आपल्याकडे नेब्रास्कापेक्षाही सहज होईल. पंधरा-वीस किलोमीटरच्या आत हजारो गाई आहेत, दूध गोळा करणाऱ्या गाड्या रोज फिरतात, मुरघासाच्या बॅगा घरोघर आहेत. ओला चोथा कुट्टीत मिसळून हवाबंद केला तर टिकतो. वाळवण्याचा गॅस वाचला तर तो फायदा दुधवाल्याला भावात मिळाला पाहिजे. ओला माल लांबच्या व्यापाऱ्याला जात नाही, त्यामुळे तो कुठून आला हेही लपत नाही.

सरकारने धोरणाच्या हिशेबात ‘तिसरा हिस्सा परत येतो’ हे वाक्य वापरायचं असेल तर त्याच्या पुढे दोन रकाने जोडावेत: त्या वर्षी पोल्ट्रीचा मका किती रुपयांनी चढला आणि सोयाबीन हमीभावाच्या किती खाली विकलं गेलं.

या सगळ्याला दिल्लीची वाट पाहावी लागेल. पण एक काम गावात होतं. सहकारी दूध संघ आपल्या सभासदांना पशुखाद्य विकतात, काहींचे स्वतःचे खाद्याचे कारखाने आहेत, आणि बहुतेकांकडे दूध तपासायची यंत्रं आहेत. सभासदाच्या दुधाची फॅट-एसएनएफ दोन वेळा काट्यावर तपासली जाते, एक दशांश कमी भरली तर दर कापला जातो. तीच शिस्त उलट दिशेने लागू करायची. कोणत्या धान्याचा चोथा, प्रथिन किती, तेल किती, गंधक किती, अफ्लाटॉक्सिन किती, हे पाच आकडे ज्या पोत्यावर नाहीत ते पोतं संघाने आपल्या दुकानात ठेवायचं नाही आणि आपल्या खाद्यात मिसळायचं नाही. संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होतात. ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. आमच्या संघाच्या सभेत मी तो मांडणार आहे.